गाडीचं गिऱ्हाईक

हेमराज टेम्पोतून मासोळ्यांचे कॅरेट उतरवत होता, आणि आज बर्फ महागला असं सांगावं तसं उतरवता उतरवता म्हणाला, "आई, सिंदेवाईची ते काळी गाडी भंगारात चालली म्हणते. अँबेसेटर. बुडी मेली ना, आता कोण सांभाळते तिले." देवकाबाईच्या हातात तेव्हा दीड किलोची रोहू होती. ती कल्ला उघडून पाहत होती. कल्ला लाल होता, मासोळी सकाळचीच होती. ती सकाळचीच आहे याची देवकाबाईनं पूर्ण खात्री केली, तिला टोपल्यात ठेवलं, हात पदराला पुसला आणि मग विचारलं, "कोणती बुडी?" "मिलवाली. तुझी भुजली. दोन महिने होऊन राह्यले. तुले मालूम नोहोतं काय?" देवकाबाई म्हणाली, "मालूम होतं. तू बर्फ फोड." हेमराजनं बर्फ फोडला.

तो दिवस बाकी रोजच्यासारखाच गेला. चंद्रपूरच्या मासोळी बाजारात तिच्या ओट्यापुढून कोणी भाव करत पुढं सरकलं की ती मागून ऐकवायची, "पाहाले पैशे नाई लागत जी, पण डोळे आपले आणले ना?" आणि गिऱ्हाईक हसून परत यायचं. त्या दिवशीही आलं. तिनं कापलं, तोललं, दिलं. बोटं मात्र बर्फात घालून घालून बारा वाजेपर्यंत लाकडाची झाली होती, आणि ती रोजच होत. इतक्या वर्षांत त्या बोटांना ऊन पाणी कोणतं आणि गार कोणतं हे नीट कळेनासं झालं होतं. नातवाला ताप आला की ती त्याच्या कपाळाला गाल लावून पाहायची. मधेच एकदा तिनं सुरी ठेवून दोन्ही हात तसेच बर्फाच्या पेटीत खुपसून ठेवले. काही घ्यायचं नव्हतं, शोधायचं नव्हतं. शेजारच्या ओट्यावरची मीराबाई म्हणाली, "काय वं, हात तिथीच इसरली काय?" तेव्हा तिनं ते बाहेर काढले.

घरचं माणूस गेल्याची बातमी उशिरा कळली, तर ज्या घडीला कळली त्या घडीला उठायचं, आणि अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घ्यायचं. त्यानंतर जितकं सुतक असेल तितकं पाळायचं. एवढं देवकाबाईला कोणी शिकवायला नको होतं, ती दुसऱ्यांना शिकवत होती. आणि भुजली म्हणजे घरचंच माणूस, काकणभर जास्तच. संध्याकाळी घरी आल्यावर ती न्हाणीत गेली. हंड्यात पाणी होतं, तांब्या होता. तिनं पाय धुतले, तोंड धुतलं आणि ती बाहेर आली. ज्यांना मला कळवावं वाटलं नाही, त्यांचं सुतक मी कशाला धरू, असं तिनं स्वतःला सांगितलं. जिनं आयुष्यभर कोणाचा उणा बोल ऐकून घेतला नाही, तिला मेलेल्या बाईनंही असं डावलावं? सून रिंकूनं ताट वाढलं. मासोळीचाच रस्सा होता. देवकाबाई भात कालवून जेवली, काटे काढून ताटाच्या कडेला ठेवले. दोन महिने ती असंच जेवत होती. मागचे दिवस तिनं मोजून पाहिले: पौष उतरत होता, धुकं होतं, मासोळी कमी येत होती. त्या दिवसांत एकदा सगळा बाजार खूप हसला होता आणि तीही पोट धरून हसली होती, एवढं तिला आठवलं. कशावर ते आठवलं नाही.

दोघी नवरगावच्या. ही ढिवराची देवका, बाप तळ्यात जाळं टाकायचा. ती कुणब्याची, बापाची धानाची शेती. एका विहिरीवर पाणी नव्हतं, एका पंगतीला पान नव्हतं. पण भुजलीला जात विचारत नाहीत. श्रावणात टोपलीत गहू पेरायचे, अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवायचे, राखी झाली की दुसऱ्या दिवशी ती पिवळी-हिरवी रोपं डोक्यावर घेऊन तळ्यावर जायचं, टोपल्या पाण्यात शिरवायच्या आणि हाती राहिलेली चार पाती जिच्या कानावर खोचली ती आपली भुजली. मग जन्मभर एकमेकीचं नाव घ्यायचं नाही. नवऱ्याचं नाव उखाण्यात तरी घेता येतं, भुजलीचं तेवढंही नाही. दोघी अकरा वर्षांच्या होत्या. पाणी कमरेला लागत होतं, आणि तिनं ओल्या बोटांनी देवकाच्या कानावर पाती खोचली ती गालावर चिकटली, देवका म्हणाली, "राम राम भुजली." त्या दिवसापासून ते शेवटच्या भेटीपर्यंत तिच्या तोंडून देवकाला दुसरी हाक आली नाही, आणि देवकाच्याही तोंडून तिला. हेमराज सांगायचा तेव्हा मिलवाली म्हणायचा, लोक गुणाबाई म्हणायचे. देवकाबाईला मनातसुद्धा ते नाव येत नसे. एखाद्या दुकानाच्या पाटीवर कोणा दुसऱ्या गुणाबाईचं नाव हेमराजनं वाचून दाखवलं तरी ती नजर वळवायची, उघड्या दारावरून जाताना वळवावी तशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवकाबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं, पैसे रुमालात बांधून कमरेला खोचले. "सिंदेवाईले जातो," ती म्हणाली. हेमराज म्हणाला, "दुखवट्याले बसाले जातेस काय? दोन महिन्यानं?" "बसाले नाई. गाडी घ्याले." हेमराज हसायला लागला. "गाडी? चालत नाई ते, माय. चाकात हवा नाई, बाकी मशीन उंदरानं खाल्ली असन. काय करशीन तिचं?" रिंकू आतून म्हणाली, "आन् ठेवाची कुठी, आत्याबाई? इथी टेम्पोले जागा नाई." "तुया डोक्शावर ठेवतो," देवकाबाई म्हणाली. "खाली हाये ते, जागाच जागा." रिंकूनं भांडं आपटलं. देवकाबाईला बरं वाटावं असं ते होतं, पण तसं काही वाटलं नाही. ती बसस्टँडवर गेली.

बस मूल गावापर्यंत भरलेली होती, पुढं रिकामी झाली. मार्चचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही कडेनं पळसाला पानं नव्हती आणि मोहाचा आंबट-गोड वास खिडकीतून येत होता, उतरत होता, परत येत होता. बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकल्या होत्या. मूल सोडून बस सिंदेवाहीच्या वाटेला लागली तशी देवकाबाई खिडकीकडून उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. राजोलीच्या अलीकडं रेल्वेचं फाटक येतं. फाटकवाल्याची चौकी ज्या बाजूला दिसते ती बाजू तिनं सोडली. कंडक्टर म्हणाला, "बाई, ऊन लागते काय?" ती हो म्हणाली. फाटक उघडंच होतं. बस एकदा खाली-वर झाली आणि रूळ मागं गेले. आता तिथं मोठी लाईन झाली होती. तेव्हा छोटी गाडी होती, डबे इतके लहान की पळता पळता माणूस चढावा.

तेव्हा म्हणजे पंचाहत्तरचा चैत. देवकाबाई तेव्हा आरमोरीला नांदत होती, नवरा इस्तारी हयात होता, थोरला चालू लागला होता, हेमराज पाळण्यात होता आणि पोटात सातवा महिना. भावाच्या लग्नाला ती माहेरी नवरगावला आली. अंगणात भावाला हळद लागत होती आणि तिच्या कमरेतून कळ निघाली. हळद लागलेलं घर सोडून मायला निघता येईना. बैलबंडीनं मूलच्या दवाखान्यापर्यंत जायचं तर संध्याकाळ झाली असती. कोणीतरी सायकल घेऊन सिंदेवाहीला राईस मिलवर गेलं. आणि धूळ उडवत ती काळी गाडी आली, तर चालवायला ड्रायव्हर पत्रू नव्हता, तो ट्रकवर भंडाऱ्याला गेला होता. चालवत होती भुजली. डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला, नाकावर घाम, दोन्ही हात त्या एवढ्या मोठ्या चक्राला धरलेले. तिच्या नवऱ्यानं, मुखरूभाऊनं, हौसेनं गाडी घेतली होती आणि बायकोनं पत्रूला दम देऊन मिलच्या आवारात, धानाच्या गंजींमधून, चोरून गाडी शिकून घेतली होती. सगळं नवरगाव नवरदेव सोडून गाडीकडं पाहत राहिलं. भुजली म्हणाली, "मांग बस, भुजली. आडवी हो. आन् मले बोलवू नको, मी बोलली का हात सुटते."

गाडीच्या मागच्या बाकड्यावर देवका आडवी होती. बाकडं खाकी रेक्झिनचं, तापलेलं, पाठीला चिकटत होतं. छताला एक लहानसा गोल दिवा होता आणि त्याच्या काचेत एक मेलेली माशी होती. एवढंच तिला त्या वाटेचं दिसलं: दिवा आणि माशी. राजोली ओलांडली आणि फाटक लागलेलं. भुजलीनं हॉर्न वाजवला, फाटकवाला नुसता हात हलवत राहिला, आगगाडी दिसत नव्हती, तरी फाटक लागलेलंच. तिथंच झालं. भुजली पुढच्या बाकड्यावरून तशीच पाय टाकून मागं आली, तिचं डोकं छताला लागलं, आणि तिनं लेकरू दोन हातांत घेतलं. मग छोटी गाडी आली. डबे मोजता यावेत इतकी सावकाश गेली. त्या आवाजात आतलं रडणं ऐकू आलं नाही, पण ते तोंड उघडलेलं होतं, आणि हात हलत होते, हे देवकानं पाहिलं. भुजली ओरडून म्हणाली, "पोरगी झाली वं! पोरगी झाली!" फाटक उघडलं. भुजलीनं पोर आपल्या पदरात गुंडाळून देवकाच्या छातीवर ठेवली आणि पुढं जाऊन बसली. मूलच्या नाक्यापर्यंत छातीवर वजन होतं. नाक्यावरही वजन होतं, तेवढंच होतं, पण ते आता नुसतं वजन होतं.

मूलच्या दवाखान्यात देवकाला आठ दिवस ठेवलं. पदरातली गुंडाळी भुजली घेऊन गेली आणि तासाभरानं आली तेव्हा तिच्या हाताला माती होती. कुठं ठेवलं हे देवकानं विचारलं नाही, भुजलीनं सांगितलं नाही. विचारू कधीतरी, असं वाटत राहिलं. भुजली कुठं पळून चालली होती? सासरी आरमोरीला गेल्यावर सासू म्हणाली, सातव्यात पडलं. इस्तारीही तेच म्हणाला, दाईही, जाऊबाईही. पडलं. जसं हातातून भांडं पडावं. पुढं धाकटा झाला, इस्तारी मेला, ती तीन पोरं घेऊन चंद्रपूरला आली, डोक्यावर टोपलं घेऊन दारोदार फिरली, ओटा घेतला, घर बांधलं, आणि कोणी विचारलं, बाई लेकरं किती, की ती सांगायची, तीन पोट्टे. साऱ्या दुनियेत एकच तोंड होतं जे चौथं मोजायचं. वर्षातून एकदा गाडी घेऊन भुजली चंद्रपूरला यायची, ओट्यामागच्या पेटीवर बसायची, बाजारभर बायका गाडी चालवणारी बाई म्हणून तिला एकमेकींना दाखवायच्या, आणि ती निघता निघता हळूच म्हणायची, "झाली असती तवाची तर आता लग्नाची असती वं." नाही, तसं नव्हे. ती म्हणायची, "आपली झाली थे आता लग्नाची असती." झाली. मग भुजलीचे गुडघे गेले, येणं बंद झालं. देवकाबाई सात वर्षांत सिंदेवाहीला गेली नाही. गाडी तिच्याकडं आहे, तिनं यावं. एवढ्याच गोष्टीवर सात वर्षं गेली.

आता ते तोंड मिटलं होतं आणि उरली होती गाडी. ज्या लेकराला गाव नव्हतं, पाळणा नव्हता, जिला माती दिल्याची जागा माहीत नव्हती, तिचं सगळं जगणं त्या गाडीत झालं होतं, फाटकापासून नाक्यापर्यंत. ते भंगारवाल्यानं गॅसच्या ज्योतीनं कापून वजनानं न्यायचं. देवकाबाईनं हे असं शब्दांत मनात मांडलं नाही. तिला फक्त गाडी हवी होती, पूर्ण पैसे देऊन, कोणाच्या मेहरबानीशिवाय, आणि त्या घरात बसायचंही नव्हतं.

मिल बंद होती, पण कोंड्याचा वास तसाच होता. आवाराच्या दारात पस्तिशीचा एक माणूस पेपर वाचत उभा होता. भुजलीला मूल झालं नाही. मुखरूभाऊनं पुतण्याला, देवानंदला, सहा वर्षांआधी वरोऱ्याहून आणून ठेवलं होतं, हे हेमराजनं कधी सांगितलं होतं. "कोण पायजे जी?" त्यानं विचारलं. देवकाबाईच्या तोंडाशी एकच शब्द होता. तो तिनं गिळला. "गाडी पाहाची आहे. इकून राह्यले ना तुमी?" "गिऱ्हाईक आहा काय?" "हो. गिऱ्हाईक." देवानंदनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, भंगारवाला उद्या येऊन राह्यला." "मंग मी आजच आली, चांगलं झालं. तो देते त्याच्याऊन जास्त देईन. का बाईचे पैशे चालत नाई?" तो हसला, म्हणाला, "चालते जी, काऊन नाई चालत," आणि आत हाक मारली, "चंचल, चाबी आण वं."

चंचल त्याची बायको. पदर खोचून, हात पुसत आली, आणि तिनं नवख्या बाईला आधी पाणी आणून दिलं. पडवीत खाटेवर मुखरूभाऊ पडले होते, वाळलेले, डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. "कोण आलं?" त्यांनी विचारलं. "गिऱ्हाईक, बाबा. गाडीचं," देवानंद मोठ्यानं म्हणाला. देवकाबाईनं खाटेकडं न पाहता पाणी प्यायलं.

गाडी मिलच्या शेडमध्ये पोत्यांमागं उभी होती. काळा रंग कोंड्यानं पांढुरका झालेला. चारी चाकं बसलेली, त्यामुळं ती होती त्याहून बुटकी दिसत होती, गुडघे गेलेल्या बाईसारखी. देवानंदनं समोरचं उघडून दाखवलं, काय काय आहे, काय काय नाही, ते सांगत राहिला. देवकाबाईनं ते ऐकलं नाही. तिनं मागचं दार ओढलं. दार कुरकुरलं, उघडलं. बाकड्याचं खाकी रेक्झिन कधीतरी बदलून लाल घातलं होतं. तिला वाटलं, हे ते नाही. मग तिनं मान वर केली. छताला गोल दिवा होता. काचेत माशी नव्हती, असणारच नव्हती. ती तिथं बघत राहिली. तिनं बाकड्यावर हात ठेवला. बोटांना काही कळलं नाही, गरम की गार. म्हणून ती वाकली आणि तिनं गाल लावला. देवानंद म्हणाला, "वास पाहून राह्यल्या काय? उंदराचा नाई येत जी." देवकाबाई उभी राहिली. छातीत काही होत नव्हतं. कानात आवाज होता तो बाजारात असतो तेवढाच, आपल्याच रक्ताचा.

"आमच्या आई इथीच बसत," चंचल म्हणाली. "कुठी?" "मांगच. आयुष्यभर गाडी सोता चालवली म्हणते, मले तर कोणी सांगे तर खरं नाई वाटे. पण शेवटच्या वर्षाले उठता येत नोहोतं तरी दुपारचं मले म्हणत, धरून ने. आन् मांग बसत. घंटा-घंटा. म्या म्हटलं, आई, पुढं बसा, तुमची जागा तिथं आहे. तर म्हणत, पुढं बसून मांगचं दिसत नाई वं." चंचलनं पदरानं डोळा टिपला. "आन् गाडी इकू नका म्हणत होत्या. भुजली आल्याबिगर काढू नका म्हणे."

देवकाबाईनं दाराला धरलं होतं. "मंग?" ती म्हणाली. "मंग काय, बाई. कोण भुजली? चंद्रपूरले आहे, मासोळी इकते, एवढं मालूम. नाव इचारलं तर सांगे नाई. मराच्या आधी दोन दिवस म्या कानाजवळ तोंड नेऊन इचारलं, आई, नाव सांगा, आमी कळवतो. तर मान हालवली. घेत नाई ना नाव. बाबाले इचारलं, तर बाबा म्हणते, ते भुजली म्हणे म्हणून मीबी भुजलीच म्हणो. आन् इथी कोणी सांगे नवरगावची, तर तिथी माणूस धाडला, तिथं त्या दोघीले ओळखणारं कोणी उरलं नाई. मंग आमच्या झाडूले धाडला चंद्रपूरच्या बाजारात. हमाल आमचा. त्यानं सगळ्या बाजारात इचारलं, इथी भुजली कोण हाये, भुजली कोण हाये. लोकं हासले म्हणे त्याले."

तेव्हा देवकाबाईला आठवलं ती कशावर हसली होती. धुक्याची सकाळ होती, बाजाराच्या त्या टोकाकडून हसणं ओट्याओट्यावरून सरकत आलं, आणि तिनं मीराबाईला विचारलं, काय झालं वं. मीराबाई म्हणाली, "कोणी येडा आला खेड्याचा, भुजली मांगून राह्यला. म्या म्हटलं, भुजली संपली बाप्पा, झिंगे घेऊन जा." आणि देवकाबाई हसली होती. पोट धरून. तो शब्द तिनं साफ ऐकला होता, आणि तो आपला आहे हे तिला कळलं नव्हतं. पन्नास वर्षं बाजारात तो एकाच तोंडून आला होता. दुसऱ्याच्या तोंडात तो आला तेव्हा तो तिला मासोळीचं नाव वाटला. लांब मान करून तिनं त्या येड्याकडं पाहिलंसुद्धा होतं: खाकी अर्धी चड्डी, हातात टोपी, धुक्यात इकडंतिकडं पाहणारा.

देवानंद पडवीत कागद-पेन घेऊन बसला होता. आरटीओचं पुढं पाहू, म्हणाला, आता साधा कागद करू. तिनं रुमाल सोडून पैसे पुढं ठेवले. सौद्यात ओढाताण झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ओढाताण केली नाही. "नाव सांगा, बाई." "लिहा. देवकाबाई इस्तारी मारबते. राहणार चंद्रपूर." पेन कागदावर फिरलं. देवकाबाईनं चंचलकडं पाहिलं. चंचलच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. खाटेवरचा म्हातारा तसाच पडून होता. त्या घरात तिचं नाव कोणीही, कधीही ऐकलं नव्हतं. अशीच उठून गेली असती, हेमराजला दोरखंड घेऊन पाठवलं असतं, तर भुजली कधी आलीच नाही, असं या घरात कायम राहिलं असतं. गाडी मिळाली असती.

मुखरूभाऊनं मान वळवली. नाकपुड्या हलल्या. "मासोळीचा वास येते," ते म्हणाले. चंचल ओशाळली. "बाबा!" "नाई वं, येते. या गाडीत येत होता तसा. कितीकदा बोललो मी तिले, गाडीले मासोळीचा वास लावते तुझी..." म्हातारा कोपरावर उठू पाहत होता. "भुजली आली काय?" "नाई बाबा," देवानंद मोठ्यानं म्हणाला, "गिऱ्हाईक आहे. सही बाकी आहे." त्यानं शाईचा डबा पुढं सरकवला. "अंगठा का सही, बाई?"

देवकाबाईला सही येत होती. दुसरीपर्यंत शाळा झाली होती तिची, बँकेत ती ठसठशीत सही करायची. तिनं पेन हातात घेतलं नाही. "ते नाव खोडा," ती म्हणाली. "काऊन जी? चुकलं काय?" "खोडा म्हणतो ना. ते नाव या घरचं नाई." मग खाटेकडं तोंड करून, बाजारात बोलायची त्या आवाजात, कारण म्हाताऱ्याला कमी ऐकू येत होतं, ती म्हणाली, "हो भाऊ. भुजलीच आहो."

शेडमध्ये चिमण्या कोंडा उकरत होत्या. मग म्हातारा म्हणाला, "देवानंद, कागद फाड. भुजलीसंग सौदा नाई होत." देवानंदनं पैशांकडं पाहिलं, म्हाताऱ्याकडं पाहिलं. "पण बाबा, यायनंच सांगितलं गिऱ्हाईक म्हणून..." "फाड म्हटलं ना बे!" त्यानं कागद फाडला. म्हातारा परत आडवा झाला, धापा टाकत म्हणाला, "तुझीच होती. तिनं सांगून ठेवलं होतं. घेऊन जा. पण उशीर केला वं भुजली तू." देवकाबाईनं पैसे उचलून रुमालात बांधले. आयुष्यात तिनं कोणाचं फुकट घेतलं नव्हतं, आणि हे फुकट नाही असं कुठंतरी तिला दिसत होतं, पण ते काय आहे हे बघायला ती थांबली नाही. "पोट्टा येईन दोरखंड घेऊन," ती म्हणाली. "तवरी त्या भंगारवाल्याले आवारात पाय ठेवू देऊ नका." आणि चंचलकडं वळून, "बाई, पाणी आहे काय हंड्यात? मी अजून अंगावर पाणी घेतलं नाई."

चंचलला कळलं. ती आत गेली. घरात शिरायच्या आधी घ्यायचं असतं, म्हणून शेडच्या तोंडाशी, गाडीच्या मागच्या बाजूला, दगडावर देवकाबाई बसली, लुगड्यासकट, चपला बाजूला काढून. चंचलनं बादली आणली, पहिला तांब्या तिच्या डोक्यावरून ओतला. पाणी केसांतून, कानांवरून, गालावरून खाली आलं. ते गार होतं. गालाला कळलं. देवकाबाई समोर पाहत होती. गाडीचं मागचं दार उघडंच राहिलं होतं.

दुसरा तांब्या भरता भरता, नुसतं गप्प राहणं बरं दिसत नाही म्हणून, चंचलनं ते विचारलं जे बाया बायांना विचारतात. "बाई, तुमाले लेकरं किती?"

"तीन पोट्टे," देवकाबाई म्हणाली. पाणी डोळ्यांत गेलं होतं, तिनं पुसलं नाही. "आन् एक पोरगी झाली."

चंचलचा हात वरच राहिला. "कुठी देली जी पोरगी?"

देवकाबाईनं ओल्या बोटानं कानावरची एक बट मागं सारली. "टाक पाणी," ती म्हणाली. "थांबली काऊन?"